कार्टर: माणूस भला, पण अध्यक्ष वाईट. असं सगळेच का म्हणतात?

ओहायोकर
आमच्याकडे पोस्टापासून शाळेपर्यंत सगळीकडे झेंडे अर्ध्यावर होते. २९ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर (१९७७ ते ८१) गेले, शंभरी पार करून. शेजारचे आजोबा (वय ८२, पक्के रिपब्लिकन, पण बर्फ पडला की स्वतःच्या आधी माझ्या दारातला उपसतात) कुंपणापाशी भेटले. मी म्हटलं, गेले तुमचे कार्टर. ते म्हणाले, "गुड मॅन. टेरिबल प्रेसिडेंट." आणि फावडं घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे तेच वाक्य. ऑफिसात तेच, तेही तिशीतल्या पोराकडून. कार्टर हरले तेव्हा याच्या आईवडिलांचं लग्नही झालेलं नसणार.

माझा प्रश्न साधा आहे. या माणसाने कँप डेव्हिडला तेरा दिवस बसून इजिप्त आणि इस्रायलचा समेट घडवला, चार वर्षांत एकही युद्ध सुरू केलं नाही, कुठलं लफडं नाही, पैसे खाल्ले नाहीत. त्यांच्या आधीच्या अध्यक्ष निक्सनला राजीनामा देऊन जावं लागलं, तरी त्याच्याबद्दल बोलताना लोक "पण चीनचं दार त्याने उघडलं हो" असं म्हणतात. कार्टरच्या वाट्याला असा "पण" का येत नाही? जाणकारांनी सांगावं. तिकडे त्या काळात राहिलेलं कोणी असेल तर फारच छान.

चहाटळ
शेंगदाणे पिकवले त्याने, टरफलं आली वाट्याला. मी पॉपकॉर्नऐवजी खारे दाणे घेऊन बसतोय.

शेवग्याची_शेंग
ओहायोकर, उत्तर एका शब्दात: महागाई. १९८० साली अमेरिकेत महागाईचा दर साडेतेरा टक्क्यांच्या आसपास होता. आपल्याला भारतात असले आकडे ऐकायची सवय, पण ज्यांनी १९५० आणि ६० ची दशकं पाहिली होती त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

आता गंमत बघा. हे दुखणं कार्टरने आणलेलं नव्हतं. व्हिएतनामचा खर्च, १९७३ चा तेलाचा तडाखा, निक्सनने निवडणुकीआधी ढिली सोडलेली पैशाची दोरी, असं सगळं साचत आलेलं. ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्करला फेडरल रिझर्व्हवर, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेवर, नेमलं ते कार्टरनेच. व्होल्कर व्याजदर आभाळाला नेणार हे सगळ्यांना कळत होतं, आणि पुढच्या वर्षी निवडणूक! तरी नेमलं. महागाई मोडली, पण ती १९८२-८३ मध्ये. कडू काढा एकाने पाजला, आणि रोगी उठून बसला तेव्हा खाटेशेजारी दुसराच उभा होता. पुढचा अध्यक्ष, रेगन.

विमानांची तिकिटं सामान्यांच्या आवाक्यात आली ती १९७८ च्या कायद्यामुळे, तोही याच्याच सहीचा. घरच्या घरी बिअर बनवायला परवानगी देणारी सहीसुद्धा त्याच वर्षीची आणि याचीच. आज अमेरिकेत गल्लोगल्ली छोट्या बिअरवाल्यांचं जे पीक आलंय, त्यातल्या किती जणांच्या भिंतीवर कार्टरचा फोटो दिसतो?

चहाटळ
बिअरचा मुद्दा आल्यामुळे माझं मत बदललं आहे. थोर माणूस.

खडूस_सदाशिव
शेंगताई, तुमचा प्रतिसाद म्हणजे कार्टरच्या वकिलाचं भाषण झालं. जरा दुसरी बाजू.

प्रामाणिकपणा ही नोकरीला लागण्याची अट असते, नोकरीत केलेलं काम नव्हे. या गृहस्थांकडे संसदेची दोन्ही सभागृहं होती, स्वतःच्या पक्षाची. तरी जमेना. का? तर स्वभाव! १९७७ मध्ये आल्या आल्या त्यांनी धरणं आणि कालव्यांच्या कामांची यादी काढली आणि म्हणाले, हे सगळं उधळपट्टीचं आहे, बंद. हिशेबाने बरोबर असेलही. पण ती धरणं त्यांच्याच पक्षाच्या खासदारांच्या मतदारसंघातली होती, आणि कोणाला आधी विचारलं नव्हतं. एखाद्या आमदाराला त्याच्या गावचं धरण रद्द झाल्याचं वर्तमानपत्रातून कळलं तर तो काय करेल, हे मी मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

आणि बारीकसारीक गोष्टीत लक्ष घालायची खोड. त्यांच्याच एका माजी भाषणलेखकाने लिहिलंय की व्हाइट हाउसच्या टेनिस कोर्टावर कोणी कधी खेळायचं हेसुद्धा साहेब स्वतः बघायचे. कार्टर ते नाकारत राहिले. पण लोकांनी विश्वास ठेवला, कारण शोभत होतं!

शेवग्याची_शेंग
टेनिस कोर्ट येणार हे माहीत होतं. दहा मिनिटं उशीर झाला इतकंच.

जर्सीचे_आजोबा
मुलाने धाग्याची लिंक पाठवली, म्हणून खूप महिन्यांनी लिहितोय. मी १९७४ मध्ये न्यू जर्सीत आलो. कार्टरची चारही वर्षं इथेच काढली. तेव्हा नागरिक नव्हतो, त्यामुळे मत दिलं नाही. म्हणजे दोष माझा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तुम्ही आकड्यांवर बोलताय. आमच्या डोक्यात आकडे नाहीत, रांगा आहेत. १९७९ चा जून. इराणमध्ये क्रांती झालेली, तेल आटलेलं. जर्सीत सम-विषम सुरू झालं होतं. गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा विषम असेल तर विषम तारखेलाच पेट्रोल. माझा विषम. कामावर जायला पंचवीस मैल. पहाटे साडेचारला उठून पंपावर गाडी लावायची, इंजिन बंद करायचं आणि रांग सरकली की गाडी ढकलायची, कारण चालू ठेवली तर असलेलंही जळून जाईल. बायको थर्मासमध्ये चहा द्यायची. एकदा दोन तास थांबून नंबर आला आणि पुढच्याच गाडीनंतर पंपवाल्याने पाटी उलटी केली. त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं ते अस्सल कोल्हापुरी होतं. पुढच्या गाडीतला मनुष्य मागे वळून हसला. भाषा कळली नसेल, अर्थ कळला.

मी रेशनच्या रांगा बघितलेल्या. मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. अमेरिकन माणसाला मात्र तो अपमान वाटला. गाडी ही त्याची जवळजवळ जातच. त्याला कोणी "आज तुझी पाळी नाही" असं सांगितलेलंच नव्हतं.

आणि त्यात हा अध्यक्ष टीव्हीवर येऊन सांगतो, आपण वस्तूंच्या मागे लागलोय, आपला आत्मविश्वास हरवलाय. १५ जुलैचं ते भाषण. मी ऐकलं तेव्हा मला आवडलं. कीर्तनाला बसल्यासारखं वाटलं. पण बुवा कितीही चांगले असले तरी पोटात भूक असताना निरूपण किती वेळ ऐकणार?

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये घरासाठी कर्ज बघायला गेलो तर बँकेतल्या बाईने १६ टक्के सांगितलं. मी म्हटलं, सहा का? ती म्हणाली, नाही, सोळा. घर पाच वर्षांनी घेतलं.

बाकी उद्या लिहितो, डोळे दुखतात.

तीळगूळ
आजोबा, दंडवत. लिहीत राहा.

मनीमाऊ_सिएटल
आजोबांना +१. माझा फुटकळ मुद्दा: त्या भाषणाला सगळे "मलेझ स्पीच" म्हणतात, मलेझ म्हणजे मरगळ. पण पूर्ण भाषणात तो शब्द एकदाही नाही. वर्तमानपत्रांनी आणि विरोधकांनी चिकटवला. आणि भाषण पडलं होतं असंही नाही, त्यानंतर लगेच त्यांची लोकप्रियता वर गेली होती.

खडूस_सदाशिव
गेली होती. मग दोनच दिवसांनी साहेबांनी अख्ख्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागितले आणि पाच जण गेले. लोकांना वाटलं सरकार कोसळलं. कमावलेलं दोन दिवसांत घालवायला वेगळी प्रतिभा लागते.

शेवग्याची_शेंग
हे मात्र मान्य. नाइलाजाने.

विक्रोळी_पूर्व
थोडं अवांतर. कार्टरची आई, लिलियन, आमच्या विक्रोळीत राहून गेली आहे! १९६६ ते ६८. वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअरमध्ये (परदेशी स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकन सरकारी संस्था) नाव घातलं आणि आली. पेशाने नर्स. गोदरेजच्या वसाहतीत आधी कुटुंबनियोजनाचं काम करायची, मग दवाखान्यात. त्या काळात जॉर्जियासारख्या राज्यातली गोरी म्हातारी इथे कुष्ठरोग्यांच्या जखमा धुवायला तयार झाली, म्हणजे बघा. आमच्या जुन्या शेजारीण मावशी सांगायच्या, "ती गोरी बाई" चाळीत सगळ्यांना माहीत होती. मुलगा अध्यक्ष झाल्यावर कळलं की अरेच्चा, हीच ती.

१९७८ च्या जानेवारीत कार्टर भारतात आले तेव्हा दिल्लीजवळच्या दौलतपूर नसीराबाद नावाच्या गावाला गेले आणि गावाने नाव बदलून कार्टरपुरी करून टाकलं. विक्रोळीकरांनी मात्र साधा चौकही दिला नाही. निषेध.

चहाटळ
कार्टरनगर, कन्नमवार नगरच्या शेजारी. रिक्षावाला "काटेनगर" म्हणणार आणि भलतीकडेच सोडणार.

अणुरेणू
विक्रोळीकर, त्याच दौऱ्यातला दुसरा किस्सा विसरलात. दिल्लीत मोरारजीभाईंशी अणुइंधनावरून जमेना. कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्याच्या, सायरस व्हान्सच्या, कानात म्हणाले की परत गेल्यावर यांना एक थंड आणि सडेतोड पत्र लिहायला हवं. माइक चालू होता! सगळ्या पत्रकारांनी ऐकलं.

वाद होता आपल्या तारापूरचा. अणुभट्ट्या अमेरिकेने बांधून दिलेल्या, समृद्ध युरेनियम अमेरिकेनेच पुरवायचं असा करार. मग १९७४ चा पोखरणचा स्फोट झाला आणि १९७८ मध्ये कार्टरने नवा कायदा केला: सगळ्या अणुकेंद्रांची तपासणी करू द्याल तरच इंधन. करार आधीचा, अट नंतरची. तारापूरवाल्यांनी इंधन पुरवून पुरवून वापरलं. शेवटी १९८० मध्ये कार्टरनेच ३८ टन पाठवायची परवानगी दिली, तर त्याचीच संसद उलटली. सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशी दोन मतांनी सुटका झाली.

यातच त्याच्यावरचा राग दिसतो. तत्त्व काढलं म्हणून भारत चिडला, तत्त्व सोडलं म्हणून तत्त्ववाले चिडले. दोन्हीकडून शिव्या. दुसरा असता तर त्याने आधी तत्त्वाचं नावच काढलं नसतं आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

ओहायोकर
अणुरेणू, हे भारी आहे. मला वाटतं धाग्याचं अर्धं उत्तर इथेच आहे. जो आधी मापदंड सांगतो त्याला त्याच मापाने मोजतात.

हॉकीस्टिक
कोणीच बोललं नाही म्हणून बोलतो. अफगाणिस्तानात रशिया घुसला म्हणून कार्टरने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार घातला. अमेरिकेचे खेळाडू घरी बसले, चार वर्षांची मेहनत पाण्यात. ते लोक आजही माफ करत नाहीत, आणि का करावं? रशियन सैन्य तर १९८९ पर्यंत तिथेच होतं.

पण आपण गेलो. पश्चिम जर्मनी, हॉलंड, ऑस्ट्रेलिया, पाकिस्तान यांच्या हॉकी संघांपैकी कोणीच आलं नाही. आणि आपल्याला सुवर्ण! तेव्हापासून आजपर्यंतचं शेवटचं. त्यामुळे हॉकीप्रेमी या नात्याने मी कार्टरवर टीका करू शकत नाही.

खडूस_सदाशिव
अंतिम सामन्यात स्पेनला ४-३ ने हरवलं होतं, घाम गाळून. सगळं श्रेय त्या शेंगदाणेवाल्याला देऊ नका.

जर्सीचे_आजोबा
राहिलेलं लिहितो. कोणी इराणचं विचारलं नाही याचं नवल वाटतं. पेट्रोल आणि व्याज हे पोटाचं दुखणं. ओलीस प्रकरण हे नाक कापलं जाण्याचं.

४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानची वकिलात ताब्यात घेतली. ५२ माणसं ४४४ दिवस. आम्ही रोज संध्याकाळी बातम्या लावायचो. सीबीएसवर वॉल्टर क्रॉंकाइट निरोप घेताना दिवस मोजायचा. आज ओलीस ठेवल्याचा शंभरावा दिवस, आज एकशे एकावा. रात्री एबीसीवर त्याच विषयाचा कार्यक्रम, तोच पुढे "नाइटलाइन" झाला. म्हणजे एखाद्याच्या घरावर रोज पाटी लावायची, "आज इतके दिवस झाले, याला जमलेलं नाही." असा अध्यक्ष निवडून येईल का?

आमच्यावरही त्याचे शिंतोडे उडाले. दुकानात एकाने मला विचारलं, "आर यू आयरेनियन?" मी म्हटलं, इंडियन. तो म्हणाला, सेम थिंग. पुढचे काही महिने बायको बाहेर जाताना ठसठशीत कुंकू लावायची. त्यांना कुंकवातला काय फरक कळणार होता, पण तिला धीर यायचा.

एप्रिल १९८० मध्ये सोडवायला हेलिकॉप्टरं पाठवली. आठ पाठवली, वाळवंटात पोचली सहा, त्यातलं एक बिघडलं. किमान सहा हवी होती, म्हणून मोहीम रद्द. आणि परत फिरताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ जवान गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्टर टीव्हीवर आले आणि म्हणाले, जबाबदारी माझी. मी ऑफिसात होतो. कोणी बोलेना. माझा बॉस, जो डेमोक्रॅट होता, हळूच म्हणाला, "ही इज डन."

निवडणुकीचा दिवस कोणता आला माहितीये? ४ नोव्हेंबर १९८०. बरोबर वर्ष. त्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर वर्षश्राद्ध चाललेलं आणि लोक मत द्यायला निघालेले. सहा राज्यं मिळाली. रेगनला चव्वेचाळीस.

आणि ओलीस सुटले २० जानेवारी १९८१ ला, रेगनची शपथ झाल्यावर काही मिनिटांतच. वाटाघाटी कार्टरने केल्या, शेवटच्या दोन रात्री माणूस झोपला नव्हता. हार घातले दुसऱ्याच्या गळ्यात.

शेवग्याची_शेंग
आजोबा, वाचून गप्प झाले. वर व्होल्करचं लिहिलं तेच इथेही. याच्या सगळ्या गोष्टींचं फळ वीस जानेवारीनंतरच का पिकतं!

खडूस_सदाशिव
मीही गप्प झालो होतो, पण सवय जात नाही. इराणच्या पदच्युत राजाला, शहाला, अमेरिकेत उपचारासाठी येऊ दिलं कोणी? ऑक्टोबर १९७९ मध्ये कार्टरनेच. माजी परराष्ट्रमंत्री किसिंजर वगैरे मंडळींनी गळ घातली म्हणून. आणि बैठकीत स्वतःच विचारलं होतं, की उद्या आपली माणसं त्यांनी ओलीस धरली तर मला काय सल्ला द्याल? म्हणजे खड्डा दिसत होता. दिसूनही पडला. त्याआधी १९७७ च्या ३१ डिसेंबरला तेहरानमध्ये याच शहासोबत पेला उंचावून इराणला स्थैर्याचं बेट म्हटलं होतं. मानवी हक्कांचा कैवारी, आणि मेजवानी कोणाकडे? तिथून दुसऱ्या दिवशी आपल्याकडे दिल्लीला आले, मोरारजींना नीती शिकवायला.

अणुरेणू
तारखा बरोबर आहेत. हे मी कधी जोडून पाहिलंच नव्हतं.

सरकारी_डॉक्टर
निवृत्त आहे, सहसा राजकारणाच्या धाग्यांवर येत नाही. पण एक शब्द सांगतो, नव्या पोरांना माहीत नसेल: नारू. ऐंशीच्या दशकात तरुण डॉक्टर म्हणून खेड्यांत नारूचे रोगी शोधत हिंडलोय. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून लोक पाणी भरायचे, त्यातून पोटात जायचा, वर्षभराने पायाला फोड येऊन हातभर लांब जंत बाहेर यायला लागायचा. औषध नाही. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर आणखी हाल. इलाज एकच, पाणी कापडाने गाळून पिणं आणि विहिरीच्या पायऱ्या बंद करणं. भारतातून तो आपल्याच आरोग्य खात्याने घालवला, २००० साली तसं प्रमाणपत्र मिळालं. पण आफ्रिकेतून घालवायचा विडा उचलला कार्टरच्या संस्थेने. १९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख रोगी होते. २०२३ मध्ये १४. लाख नव्हे, चौदा माणसं.

त्या माणसाने मतांसाठी हे केलं नाही, कारण नारू झालेल्याला अमेरिकेत मत नसतं.

तीळगूळ
लोणावळ्याजवळ पण आले होते ना? गरिबांसाठी घरं बांधायला? बाबांनी पेपरात फोटो दाखवल्याचं आठवतंय.

विक्रोळी_पूर्व
हो, २००६ मध्ये. शंभर घरांचं काम होतं. बाईसाहेबही होत्या बरोबर. वय ८२, हातात हातोडी.

मनीमाऊ_सिएटल
मला वाटतं हे नंतरचं चांगलं कामच त्यांच्या मुळावर आलं. "भला माणूस" असं एकदा म्हटलं की पुढचं वाक्य बेधडक म्हणता येतं, मनाला टोचत नाही. निक्सनला भला कोण म्हणणार? म्हणून त्याचं काम शोधावं लागतं. इथे माणूसच कामाच्या आड आला.

खडूस_सदाशिव
माऊ, हे पटलं. स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही.

चहाटळ
सदाशिवराव सहमत?? ॲडमिन, धागा कुलूपबंद करा, आता काही उरलं नाही.

ओहायोकर
सगळ्यांचे आभार, विशेषतः आजोबांचे. काल संध्याकाळी शेजाऱ्यांकडे गेलो, मुद्दाम विषय काढला. म्हटलं, टेरिबल का, एक कारण सांगा. त्यांनी व्होल्कर नाही, शहा नाही, काहीच सांगितलं नाही. म्हणाले, "तो स्वेटर."

१९७७ च्या फेब्रुवारीत कार्टर स्वेटर घालून शेकोटीपाशी बसून टीव्हीवर बोलले होते: इंधन वाचवा, घर तापवायचा थर्मोस्टॅट दिवसा ६५ फॅरनहाइटवर ठेवा, रात्री ५५. शेजारचे आजोबा म्हणाले, त्या हिवाळ्यात ओहायो नदी गोठली होती, गॅसअभावी कारखाने आणि शाळा बंद, माझी नोकरी थांबलेली, आणि हा मला थंडीत बसायला सांगतो. अध्यक्षाने सांगायचं असतं की सगळं ठीक होईल.

तेवढ्यात आजी आतून शाल गुंडाळून आल्या आणि मला म्हणाल्या, त्याला विचार आपला थर्मोस्टॅट कितीवर आहे.

मी बघितला. ६५.

जर्सीचे_आजोबा
आमचा ६४. पण ते कार्टरमुळे नाही, बिलामुळे.